आमची दुनळी आणि तो सरवदे

ज्ञानदेव सरवदे मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं इंदापूर तालुक्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांनी ते खुशाल बोलावं. मी एकतीस वर्षं बँकेत काढली. नाना तऱ्हेची माणसं काउंटरपलीकडून पाहिली. पण पहिल्या दोन वाक्यांत समोरच्याचं डोकं फिरवावं तर सरवदेनंच.

तो मूळचा कळसचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होता. नोकरी संपल्यावर गावाकडं आला आणि भवानीनगरला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, बंदूक दुरुस्तीचं दुकान थाटलं. रीतसर परवाना काढून. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, एक लोखंडी कपाट आणि कानशींनी भरलेलं टेबल. दारावर पाटी होती: ‘वाद घालायचा असेल तर बंदूक घरी ठेवून या.’ लोक ती वाचून हसायचे आणि आत जाऊन शिव्या खाऊन बाहेर यायचे.

त्याला वेड होतं जुन्या इंग्रजी बंदुकांचं. आमच्या भागात कालव्यावरचे इंग्रज साहेब जाताना आपल्या बंदुका विकून गेले. त्या ज्यांनी घेतल्या त्यांचे नातू आता त्या माळ्यावर, घोंगडीत गुंडाळून, गंज खात ठेवतात. सरवदे अशी बंदूक कुणाच्या घरात आहे याचा वास काढत गावोगाव फिरायचा. कायद्यानं एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात. म्हणून या गड्यानं लोकांच्या बंदुका गोळा केल्या. म्हणजे दुरुस्त करून परत द्यायच्या, पण मनातून त्या आपल्याच समजायच्या. वर्ष-दोन वर्षांनी न बोलावता दारात हजर. चहा घ्यायच्या आधी बंदूक मागायचा, नळीतून उजेडाकडं बघायचा, आणि मग घरच्या मालकाला सगळ्यांदेखत झापायचा. पोरीच्या सासरी येऊन भांडी तपासणाऱ्या आईसारखं त्याचं वागणं होतं.

आमची दुनळी त्याच्याकडं पहिल्यांदा गेली २०१६ साली. आम्ही बारामती तालुक्यातल्या पिंपळीचे. माझ्या आजोबांनी ती सत्तेचाळीस साली कालव्याच्या साहेबाकडून घेतली होती. बर्मिंगहॅमची, बारा बोअरची, बाहेरून अंगठ्यानं ओढायच्या दोन घोड्यांची. नळ्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या, त्यामुळं त्यांच्यावर बारीक तपकिरी वेटोळी दिसायची. निदान दिसायची असं आजोबा सांगत. मला कळतं वय आल्यापासून ती काळी, खरबरीत आणि कधीही न उडणारी बंदूक होती. उसात रानडुकरं माजली तेव्हा माझे वडील, तात्या, म्हणाले की दुरुस्त करून बघू.

सरवदेनं ती चौदा महिने ठेवून घेतली. फोन केला की म्हणायचा, “मेल्याला उठवाय बसलोय, घाई करू नका,” आणि कट करायचा. चौदा महिन्यांनी आम्ही बापलेक आणायला गेलो. त्यानं टेबलावर फडकं पसरलं, त्यावर बंदूक ठेवली, आणि खरं सांगतो, मला ती आमची वाटलीच नाही. तपकिरी वेटोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उमटली होती. अक्रोडाचं लाकूड मधासारखं दिसत होतं. तात्यांनी तिच्यावरून हात फिरवला तर सरवदे खेकसला, “घामाचा हात लावू नका!”

मग म्हणाला, “ध्यानात ठिवा. आतनं गंजाचं खड्डं घासून काढल्यात. नळीची जाडी हद्दीला आलीया. आता बाहेरनं कानस, पॉलिश, काय बी लावायचं न्हाय. निस्तं तेल. आन् हलकी काडतुसं.”

तात्या म्हणाले, “बरं. ज्ञानदेवा, तू काम मात्र झकास केलंस बघ.”

“अजून एक हाय,” सरवदे म्हणाला. त्यानं डावा घोडा मागं ओढला आणि खिशातून एक झिजलेला पोलादी तुकडा काढून तात्यांच्या हातावर ठेवला. “ही घोडा अडकायची जुनी खाच. पार झिजली व्हती. घोडा वर ऱ्हायचाच न्हाय, आपोआप पडायचा. कळलं का तात्या? अडुसष्ट साली डुकराच्या शिकारीत माझ्या बापाच्या पायात छर्रं गेलं. तुमच्या वडलांनी पंचनाम्यात सांगितलं की हाकाऱ्याला बोलावलेला गडी आडवा आला. तो आडवा आला नव्हता. बंदूक आपोआप सुटली व्हती. माझा बाप जन्मभर लंगडला आन् जन्मभर ‘बावळट’ म्हणून घेतलं त्यानं.”

मला त्या हाकाऱ्याची गोष्ट माहीत होती. आमच्या घरात ती हसत सांगितली जायची. आजोबांनी त्याला दोन पोती ज्वारी दिली, हा त्या गोष्टीचा शेवट असायचा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बंदूक दुरुस्तीला दिली होती, घराण्याची चौकशी करायला नव्हे. मी म्हणालो, “सरवदे, पन्नास वर्षं झाली त्याला. कशाला उकरून काढताय?”

“तुमच्यासाठी पन्नास वर्षं झाली,” तो म्हणाला.

तात्यांनी तो तुकडा खिशात घातला. आणि पुढच्या वेळी सरवदे बंदूक तपासायला घरी आला तेव्हा तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, “या ज्ञानदेवराव, तुम्ही बसा.” माझा बाप, ज्यानं सरपंचालाही अरेतुरे केलं, तो या माणसाला अहोजाहो करायला लागला. मला ते आजही पचलेलं नाही.

तात्या २०२३ मध्ये गेले. भावाबहिणींच्या सह्या गोळा करून, हेलपाटे घालून बंदूक माझ्या परवान्यावर चढली ती दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये. त्यामुळं तो दसरा माझा होता. शस्त्रपूजनाला आमच्याकडं सगळी भावकी जमते. पाटावर विळे, कोयते, नांगराचा फाळ आणि मधोमध दुनळी. मला ती झगझगीत हवी होती. सोमनाथरावांच्या, म्हणजे माझ्या, घरची बंदूक असं लोकांनी म्हणावं, एवढाच माझा हट्ट होता. वेटोळीबिटोळी भावकीला काय कळणार?

दसऱ्याच्या तीन दिवस आधी भवानीनगरला गेलो तर सरवदे दुकानाला कुलूप लावत होता. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. नागपूरला दीक्षाभूमीवर निघालेला.

मी म्हणालो, “जरा बंदूक चमकवून द्या. दसऱ्याला पाहुणे येणार आहेत.”

“ती चमकायची वस्तू न्हाय.”

“पाहुण्यांसमोर काळीबेंद्री ठेवू काय?”

“मग पाहुण्यांना चमकवा,” तो म्हणाला आणि कुलूप ओढून बघून एसटीच्या दिशेनं चालायला लागला. वळून म्हणाला, “सोमनाथराव, सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं? बाहेरनं हात लावायचा न्हाय.”

ध्यानात होतं. सगळं ध्यानात होतं, आणि म्हणूनच मी ते केलं. माझ्या बंदुकीला मी काय लावायचं हे मला भवानीनगरहून शिकवायची गरज नव्हती. तडक बारामतीला एमआयडीसीत गेलो. तिथं स्टीलच्या जिन्याचे कठडे आणि मोटारसायकलचे सायलेन्सर पॉलिश करणारा एक कारागीर आहे. त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, “साहेब, नक्की सगळं घासायचं का?” मी म्हणालो, “आरशासारखं कर.” त्यानं पॉलिशचं चाक लावलं. मी समोर खुर्ची टाकून बसलो. तपकिरी वेटोळी धुरळ्यासारखी उडून गेली आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घरी आणली तर बायको, पद्मा, बघतच राहिली. “हे स्टीलच्या भांड्यासारखं काय दिसतंय?” एवढंच म्हणाली. भावकीनं मात्र वाहवा केली. हळदीकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली, पोरांनी फोटो काढले. मी दिवसभर मिशीत हसत फिरलो.

तिसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमच्याकडं सगळ्यांना ते पाठ आहे. पावती घ्यायची, निकालानंतर बंदूक परत आणायची. मी दुनळी घेऊन गेलो. शस्त्रांच्या कामाला बसलेल्या स्वप्नाली मॅडमनी परवाना उघडला आणि नंबर जुळवायला बंदूक उलटी केली. चापाच्या कमानीवर बोट फिरवलं. टॉर्च लावला. मग माझ्याकडं पाहिलं.

“काका, नंबर कुठं आहे?”

तिथं नंबर नव्हता. चाकानं तोही नेला होता. गुळगुळीत, चकचकीत कमान, आणि त्यात माझं तोंड दिसत होतं.

पोलीस निरीक्षकांनी आत बोलावलं. माणूस सभ्य होता, पण शब्द सभ्य नव्हते. नंबर खोडलेलं हत्यार बाळगणं हा सरळ गुन्हा आहे, तोही निवडणुकीत. अटक होऊ शकते, असं ते म्हणाले. “ही तुमचीच बंदूक कशावरून? मूळची कुठंतरी विकली आणि ही दुसरीच आणली, असं मी का समजू नये?” त्यांनी बंदूक ठेवून घेतली आणि मला दोन दिवस दिले. पासष्टाव्या वर्षी मी गजाआड जायची वेळ आली होती, ते दसऱ्याच्या पूजेपायी.

तसाच भवानीनगर गाठलं. सरवदे नागपूरहून परतला होता. मला एकच मार्ग दिसत होता आणि मी तो त्याच्यापुढं मांडला: तुम्ही लिहून द्या की तुमच्याकडं दुरुस्तीत असताना नंबर चुकून पुसला गेला. तुमच्याकडं परवाना आहे, तुम्ही जाणकार, तुम्हाला कोण काय करणार?

त्यानं ते सगळं ऐकलंच नाही असं मला वाटलं. त्यानं विचारलं, “पुसला कसा?”

मी चाकाचं सांगितलं.

“नळीवर बी चालवलं?”

“हो.”

“नक्षी?”

मी ‘राहिली नाही’ अशी मान हलवली. तो स्टुलावर बसला. हातातली कानस त्यानं टेबलावर ठेवून दिली. मला वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चालते व्हा,” तो म्हणाला.

“अहो, माझ्यावर केस होईल!”

“व्हऊ द्या. मी खोटं लिवणार न्हाय. तुमी केलं, तुमी निस्तरा.”

तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. मी म्हणालो, “बापाच्या लंगड्या पायाचा सूड घेताय होय? एवढी वर्षं वाटच बघत होता तुम्ही.”

त्यानं दार उघडून धरलं. मी बाहेर पडलो. रस्त्यानं घरी येताना मी त्याला इतके शाप दिले की ते खरे ठरले असते तर भवानीनगरात एक पत्रा उभा राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला. गुन्हा नोंदवण्यापूर्वी निरीक्षकांनी परवानाधारक कारागिराचं मत मागवलं होतं, आणि तसा माणूस दोन तालुक्यांत एकच होता. मी गेलो तेव्हा सरवदे टेबलाशी उभा होता. मला वाटलं, संपलं. काल ज्याला मी नको ते बोललो, त्याच्या जिभेवर आज माझं सगळं होतं. त्यानं नुसतं ‘मला सांगता येत नाही’ म्हटलं असतं तरी मी आत गेलो असतो.

त्यानं बंदूक हातात घेतली. चकचकीत नळीवर त्याची नजर एकदा गेली आणि त्यानं ती लगेच काढून घेतली. मग नळीखालचा लाकडी तुकडा खटकन सोडवला, आतली लोखंडी पट्टी पुढं केली. तिच्यावर बारीक आकडे होते. नळ्या वेगळ्या करून जिथं त्या आत बसतात तिथला सपाट भाग दाखवला. तेच आकडे. इंग्रज कारागीर एकच नंबर तीन ठिकाणी ठोकायचे, म्हणाला. चाक आत पोचत नाही.

“बंदूक हीच हाय, साहेब. परवान्यावरची. नंबर मुद्दाम खोडला आसता तर आतला बी खोडला आसता. ह्यो गुन्हा न्हाय. ह्यो निस्ता मूर्खपणा हाय.”

निरीक्षक हसले. स्वप्नाली मॅडमनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. मला त्या क्षणी तो शब्द कुणी दागिना म्हणून गळ्यात घातला असता तरी चाललं असतं, इतका मी सुटलो होतो.

“तसं लिहून द्या,” निरीक्षक म्हणाले.

पण सरवदेनं पिशवीतून जाडी मोजायचं यंत्र काढलं होतं. नळीवर पाच-सहा ठिकाणी लावलं. डाव्या नळीच्या मध्यावर आला आणि तिथं तीनदा मोजलं. मग म्हणाला, “जरा बाहेर वारा घेऊन येतो, मग लिवतो.”

मी त्याच्यामागं व्हरांड्यात गेलो. आभार मानायचे होते, पण ते जमेना. मी विचारलं, “काय झालं?”

“गेली. मी आतनं हद्दीला आणली व्हती, तुमी बाहेरनं हद्द वलांडली. डावी नळी आता बार सोसणार न्हाय. फुटंल.”

“मग?”

“मग तसं लिवावं लागंल. वापराला अयोग्य. सरकारजमा व्हईल आन् कापत्याल.”

मी त्याचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. “सरवदे, नंबरचं लिहाल तेवढं बास आहे. जाडीचं साहेबांनी विचारलेलंच नाही. आम्ही उडवणार नाही. नुसती पूजेला ठेवू. माझ्या आजोबांची आहे हो. आणि चौदा महिने तर तुमचेही आहेत तिच्यात.”

“मला काय वाटतंय, सांगू का?” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “काल तुमी गेल्यापासनं मी त्येच घोकतोय, की कुनी विचारू नये आन् मी सांगू नये. आसं काम माझ्या हातनं पुन्यांदा व्हणार न्हाय. डोळं गेलं आता.”

“मग नका ना सांगू.”

“आज तुमी पूजेला ठिवाल. तुमच्या मागारी पोरगा डुकरावर बार टाकंल. डावा हात नळीखालीच आसतुय त्याचा.”

मी हात सोडला नाही. “मी पोराला बजावून ठेवतो.”

“मी तुमाला बजावलं व्हतं,” तो म्हणाला.

आत जाऊन त्यानं अर्धं पान लिहिलं. अक्षर सुरेख होतं, तेही मला तेव्हाच कळलं. पहिल्या ओळीत मी सुटलो आणि शेवटच्या ओळीत बंदूक गेली. सही करताना त्यानं पेन दोनदा कागदावर टेकवलं आणि उचललं. तिसऱ्यांदा केली.

निकालानंतर लोक आपापल्या बंदुका घेऊन गेले. आमची तिथंच राहिली. जानेवारीत मोडीत काढायच्या हत्यारांची गाडी पुण्याला निघाली तेव्हा मला सह्या करायला बोलावलं होतं. सरवदेला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला होता. स्वप्नाली मॅडमकडून पाच मिनिटं मागून घेतली, व्हरांड्यातल्या बाकावर बसला, आणि तेलाच्या फडक्यानं दुनळी पुसायला लागला. घोडे, कमान, लाकूड, नळ्यांच्या आतून सुद्धा. कुठंही घाई नाही.

मला बघवेना. राग आला, आणि रागाखाली लाज होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी म्हणालो, “कापायलाच चालली आहे ती. तेल कशाला?”

त्यानं मान वर केली नाही. “तात्या गेलं तवा तुमी त्यास्नी न्हाऊ घातलं का न्हाय?”

त्यानं बंदूक कागदात गुंडाळली, सुतळी बांधली, हवालदाराच्या हातात दिली आणि ‘आपटू नका’ म्हणाला. मग माझ्या पुढून, माझ्याकडं न बघता, एसटी स्टँडकडं निघून गेला.

तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. माझ्या घरात आता बंदूक नाही, त्यामुळं तो तपासायलाही येत नाही. तात्या असते तर सकाळीच भवानीनगरला जाऊन त्याची माफी मागून आले असते. मी तीनदा गाडी काढली आणि तीनदा कारखान्याच्या फाट्यावरून परत वळवली. चूक माझी आहे, पण पहिलं पाऊल त्यानं टाकावं असं मला अजून वाटतं. आणि तो टाकणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे.